मेटालिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’: गाणी पडली की आवाज पडला?

मंद्र

मेटालिका या अमेरिकन मेटल बँडचा ‘७२ सीझन्स’ (१४ एप्रिल २०२३) आल्यापासून इथल्या प्रत्येक मेटल धाग्यावर एकच रड चालू आहे: “बुवा आता थकले, थांबावं त्यांनी.” नव्या अल्बमवर भांडायला ना नाही, पण त्याआधी एक जुनं प्रकरण नीट सोडवून घेऊ. या बँडच्या चाहत्यांनी आवाजावरून सर्वांत मोठा दंगा केला तो ‘डेथ मॅग्नेटिक’वर (१२ सप्टेंबर २००८). अल्बम दुरुस्त करून द्या म्हणून ऑनलाइन अर्ज निघाला आणि त्यावर दहा हजारांवर सह्या पडल्या. गंमत म्हणजे सह्या करणाऱ्यांतले बरेचसे म्हणत होते की गाणी चांगली आहेत!

माझं म्हणणं: आपण ‘अल्बम बेकार’ म्हणतो तेव्हा चार वेगळी दुखणी एकाच नावाने ओरडतो. रचना, लांबी, मिक्स (सुट्या वाद्यांची जुळवणी), मास्टरिंग (जुळवलेल्या आवाजावरचा शेवटचा हात). ‘डेथ मॅग्नेटिक’मध्ये रचना धडधाकट आहे, लांबी थोडी आजारी आहे आणि उरलेल्या दोघांनी घात केलाय.

तीन प्रश्न टाकतो.
१) आज ऐकायचा असेल तर कुठली आवृत्ती?
२) घरी असलेल्या सीडीचा फाटलेला आवाज सॉफ्टवेअरने शिवता येतो का?
३) आवाज सुधारला असं धरून चाललं, तर यातली किती गाणी ठेवाल?

सुतळीबॉम्ब

आला का धागा! चहा टाकतो. दोनशे प्रतिसाद नक्की.

आडवा_छेद

आधी दुखणं काय ते सांगतो, म्हणजे पुढे शब्दांवरून मारामारी नको.

सीडीवर आवाजाची प्रत्येक नोंद १६ बिटांची, सेकंदाला ४४,१०० नोंदी. सगळ्यात मोठा आकडा ३२,७६७. त्याच्या वर काही लिहिताच येत नाही, तेच छत. गाणं ‘मोठ्ठं’ वाटावं म्हणून सरासरी पातळी वर ढकलत नेली की ड्रमचे ठोके छताला लागतात. लिमिटर त्यांना दाबतो. आणखी ढकललं की लाटेचं टोक सपाट कापलं जातं आणि त्या जागी खरखर, म्हणजे मूळ वाद्यात नसलेले वरचे सूर, तयार होतात. आपण ‘आवाज फाटला’ म्हणतो तो हाच.

मोजायची पट्टी म्हणजे डीआर, डायनॅमिक रेंज. गाण्याचे तीन-तीन सेकंदांचे तुकडे करायचे, त्यातल्या सर्वांत जोरकस २० टक्के तुकड्यांची सरासरी पातळी काढायची आणि शिखराशी तिचं अंतर बघायचं. त्यांच्याच ‘मास्टर ऑफ पपेट्स’ची जुनी सीडी १२च्या आसपास येते. ‘डेथ मॅग्नेटिक’ची सीडी ३ ते ४. म्हणजे ठोका आणि बाकी गोंगाट यांत अंतरच उरलं नाही. ड्रमर लार्सने स्नेअर ड्रम मारला तर तो वर उडत नाही, त्या जागी गिटार क्षणभर खाली बसते. मेंदूला तो ठोका न वाटता खड्डा वाटतो. सगळी गाणी सलग ऐकून डोकं जड होतं त्याचं कारण हे. गाण्याचा वेग त्याला जबाबदार नाही.

कॅसेटवाला

अहो पण थ्रॅश मेटल हे काय शततंत्री वीणा आहे का? फाटलेला आवाज हाच तर त्या संगीताचा आत्मा. गिटार अँप मुद्दाम फाडूनच वाजवतात. चाहत्यांनी आकडे बघून कान बंद केले, असं माझं स्पष्ट मत.

आडवा_छेद

@कॅसेटवाला, गिटार फाडणं आणि अख्खं मिक्स फाडणं यात फरक आहे. अँपमध्ये फक्त गिटार फाटते आणि पुढे स्पीकरचा कोन वरचे कर्कश सूर गाळून टाकतो, साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर फार काही जात नाही. डिजिटल छताला मिक्स आपटतं तेव्हा गिटार, बेस, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि गायक-गिटारवादक हेटफील्डचा गळा एकत्र फाटतात, एकमेकांत मिसळून भलतेच सूर काढतात, आणि पुढे गाळायला काहीच नसतं.

तुमच्या नावाला शोभेल असं उदाहरण देतो. कॅसेटवर पातळी चढवली की चुंबकीय फीत हळूहळू भरते, टोकं गोलसर दबतात, वरचे सूर उलट थोडे मऊ होतात. म्हणून जास्त चढवून भरलेली साधी फेरिक कॅसेटही ऐकवते. डिजिटलमध्ये गोलाई नाही. छतापर्यंत सगळं स्वच्छ, त्यानंतर एकदम कुऱ्हाड.

कॅसेटवाला

गोल दबणं आणि कुऱ्हाड, हे पटलं. आत्म्याचा मुद्दा मात्र मागे घेत नाही.

घुंगुरमाळ

दोषी कोण यावर गेली कित्येक वर्षं मास्टरिंगवाल्याच्या नावाने खडे फोडले जातात, ते थांबवा बाई. मास्टरिंग टेड जेन्सनचं, स्टर्लिंग साउंडमध्ये. एका चाहत्याला पाठवलेल्या उत्तरात त्याने सांगितलं होतं की मिक्स त्याच्याकडे आलं तेव्हाच चेपलेलं होतं. ते पत्र बाहेर फुटलं आणि गाजलं. निर्माता रिक रुबिन, मिक्समध्ये ग्रेग फिडलमन. लार्सने तर आवाजाची उघड पाठराखण केली. म्हणजे चुकून झालेलं नाही, हवं होतं म्हणून झालेलं आहे.

दुसरं, ‘रीमास्टर करा’ आणि ‘रीमिक्स करा’ हे दोन अर्ज वेगळे. मास्टरिंगवाल्याच्या हातात डावी-उजवी अशा दोनच पट्ट्या येतात. त्यात किक वेगळी नाही, बेस वेगळा नाही. दळलेल्या पिठातून गहू आणि बाजरी वेगळी करायला सांगितल्यासारखं. रीमिक्स करायचं तर मूळ सुटे ट्रॅक काढून पुन्हा जुळवणी करावी लागते. पैसा, वेळ आणि मुख्य म्हणजे ‘आमचं चुकलं’ असं म्हणायची तयारी.

ती तयारी दाखवली रश या बँडने. त्यांचा २००२ चा ‘व्हेपर ट्रेल्स’ असाच चेपलेला होता. २००९ च्या संकलनात दोन गाणी रीमिक्स करून दिली आणि २०१३ मध्ये अख्खा अल्बम डेव्हिड बॉट्रिलकडून नव्याने मिक्स करून घेतला. आता सरळ तोच घ्यायचा, भांडण मिटलं.

मंद्र

@घुंगुरमाळ, एक नंबर. याच फरकामुळे मेटालिकाच्याच ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’च्या (१९८८) २०१८ च्या रीमास्टरवर लोक निष्कारण चिडले. “तरी बेस ऐकू येत नाहीच!” अरे, मिक्सला हातच लावला नव्हता, मग येणार कुठून?

खर्ज_बेस

माझा विषय निघालाच आहे तर! ‘जस्टिस’मध्ये तेव्हाच्या बेसवादकाचा, जेसन न्यूस्टेडचा, बेस गायब होण्यामागे बेस खाली ओढायला सांगणं हे मुख्य कारण आहेच, मिक्स करणाऱ्या स्टीव्ह थॉम्पसनने पुढे ते उघड सांगितलंय. पण फेडर (पातळीची सरकपट्टी) थोडा वर करून काम झालं असतं का? पूर्ण नाही. हेटफील्डच्या गिटारचे मधले सूर कापलेले, खालचे फुगवलेले. म्हणजे साधारण १०० ते २०० हर्ट्झची जी जागा बेसची, तिथे गिटार आधीच पाय पसरून बसलेली. वर न्यूस्टेड पिकने गिटारचाच रिफ सुरास सूर वाजवतो. दोन माणसं एकाच सुरात एकच ओळ म्हणत असली की हळू आवाजाचा माणूस ऐकूच येत नाही.

बेस दिसायचा तर दोन गोष्टी लागतात: गिटारचा तोच खालचा भाग गाळणे, आणि बेसला ७०० ते १००० हर्ट्झमध्ये थोडी धार देणे, म्हणजे पिकचा टणका लहान स्पीकरवरही कळतो. नुसती पातळी वाढवलेली चाहत्यांची मिक्सेस फिरतात, त्यात म्हणूनच चिखल होतो.

नाशिक_ढोल

‘सेंट अँगर’ (२००३) विसरलात की काय मंडळी? चाहत्यांच्या निराशेचं शिखर तेच. ७५ मिनिटं, ११ गाणी, एक सोलो नाही, आणि तो स्नेअर!

ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी: स्नेअर ड्रमच्या खालच्या कातड्याला बारीक तारांचा पट्टा टेकलेला असतो. बाजूला एक खटका असतो, तो सोडला की पट्टा कातड्यापासून सुटतो. तारा लागलेल्या असताना ‘छर्र’ आवाज येतो आणि तो कातड्याचा घुमारा झाकतो. तारा सोडल्या की उरतो नुसता ‘टण्ण’, धातूच्या कड्याचा आणि ताणलेल्या कातड्याचा. लार्सने तारा सोडून ठेवल्या आणि तसंच रेकॉर्ड केलं. ड्रमच्या दुनियेत हा गुन्हा नाही, एखाद्या शांत तुकड्यात छान वाटतो. पण गिटारचे सूर ड्रॉप सी (नेहमीपेक्षा बरंच खालचं ट्यूनिंग) किंवा त्याहून खाली उतरवलेले, तिचं वजन सगळं तळाशी, आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यात हा टण्ण एकटा उभा. ७५ मिनिटं.

थोडक्यात गोडेतेलाचा १५ किलोचा रिकामा डबा.

सुतळीबॉम्ब

डब्याचा अपमान सहन केला जाणार नाही. डब्याला निदान झाकण असतं.

चौथी_सीट

@नाशिक_ढोल, तो टण्ण इक्वलायझरने काढता येत नाही का? सगळे सांगतात एक सूर कापा म्हणून.

नाशिक_ढोल

सुट्या ट्रॅकवर येतो. पद्धत अशी: पॅरामेट्रिक इक्वलायझरमध्ये एकच पट्टा घ्यायचा, रुंदी अगदी कमी, क्यू (पट्ट्याच्या अरुंदपणाचा आकडा) १० च्या आसपास. त्याला १० डेसिबल वर चढवायचं आणि ३०० ते १००० हर्ट्झमध्ये सावकाश फिरवायचं. जिथे कान किंचाळेल ती घुमाऱ्याची जागा. मग तोच पट्टा ६-८ डेसिबल खाली. लागलं तर त्याच्या वरच्या एखाद्या सुरालाही तसंच.

तयार सीडीवर हे केलं की त्याच जागेतली गिटार आणि गळाही कापला जातो. डबा जातो, पण हेटफील्डला सर्दी होते. शिवाय फिरवताना स्पीकरचा आवाज आधी निम्मा करा, १० डेसिबल चढवलेला अरुंद पट्टा ट्वीटरला आणि कानाला दोघांनाही झेपत नाही.

पोटमाळा

तुम्ही सगळे आवाजाच्या मागे लागलात. मला मूळ मुद्दाच मान्य नाही. ‘डेथ मॅग्नेटिक’चा खरा रोग लांबी.

आकडे घ्या. ‘राइड द लाइटनिंग’ ४७ मिनिटं. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ ५४:४७, गाणी आठ. ‘डेथ मॅग्नेटिक’ ७४:४६, गाणी दहा, त्यातलं सात मिनिटांच्या आतलं गाणं कुठलं विचाराल तर फक्त तीन. एलपीच्या काळात एका बाजूला २२-२३ मिनिटांच्या वर गेलं की खाचा अरुंद कराव्या लागत, खालचे सूर आणि पातळी दोन्ही उतरत. म्हणजे तबकडीच संपादक होती. सीडी आली आणि संपादक नोकरीवरून गेला. ‘लोड’मध्ये (१९९६) तर त्यांनी सीडीसुद्धा काठोकाठ भरली, ७८:५९. शेवटचं ‘द आउटलॉ टॉर्न’ मावेना म्हणून सुमारे मिनिटभर कापावं लागलं, आणि पूर्ण लांबीचं नंतर एका सिंगलबरोबर वेगळं काढलं. सामान जास्त झालं म्हणून बॅग बदलणारी माणसं ही, कपडे कमी करणार नाहीत.

‘हार्डवायर्ड’ ७७ मिनिटं, ‘७२ सीझन्स’ ७७ मिनिटं. आवाज सुधारला, लांबी तिथेच. म्हणून निराशाही तिथेच.

घुंगुरमाळ

+१ अर्धा. ‘७२ सीझन्स’मधलं ‘इनामोराटा’ ११ मिनिटांचं, त्यांचं आजवरचं सर्वांत लांब, आणि तेच त्या अल्बममधलं सर्वांत चांगलं. लांबी हा रोग नाही. चार वेळा वाजलेला रिफ काहीही न बदलता पाचव्यांदा येतो, तो रोग. ‘पपेट्स’च्या शीर्षकगीतात मधला संथ भाग येतो तेव्हा गाणं कूस बदलतं. ‘डेथ मॅग्नेटिक’मधल्या ‘सायनाइड’मध्ये कूस बदलत नाही, नुसतं पांघरूण ओढतं.

चौथी_सीट

लांबीवर बोलायचं तर दुसरा मेटल बँड आयर्न मेडन, त्याचे चाहते कुठे लपले? ‘द बुक ऑफ सोल्स’ (२०१५) ९२ मिनिटं, त्यात एकटं ‘एम्पायर ऑफ द क्लाउड्स’ १८ मिनिटांचं. ‘सेनजुत्सू’ (२०२१) ८२ मिनिटं.

पण मेडनचं एक कौतुक: ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’ (२००६) त्यांनी मास्टरिंग न करताच बाजारात आणला. त्यांच्या बेसवादकाला, स्टीव्ह हॅरिसला, स्टुडिओतल्या मिक्सचाच आवाज ठेवायचा होता. थोडा हळू वाजतो, व्हॉल्यूमची चकती दोन घरं पुढे फिरवायची, झालं. ठोके जिवंत आहेत.

आणि आवाज चांगला म्हणजे अल्बम चांगला, हेही खोटं. पुरावा गन्स अँड रोझेसचा ‘चायनीज डेमोक्रसी’. ‘डेथ मॅग्नेटिक’नंतर जेमतेम दोन महिन्यांनी, २३ नोव्हेंबर २००८ ला आला. बॉब लडविगने मास्टरिंगचे तीन नमुने दिले होते, त्यातला सर्वांत कमी चेपलेला निवडला गेला. ‘डेथ मॅग्नेटिक’चा गदारोळ ताजा होता ना! आवाज उत्तम. आणि गाण्यांवर चाहते अजून भांडतायत.

सुतळीबॉम्ब

म्हणजे एकाची गाणी घेऊन दुसऱ्याच्या मास्टरिंगवाल्याला दिली असती तर २००८ साल सुधारलं असतं.

वाचनमात्र

रच्याकने (जाता जाता), ‘हार्डवायर्ड’मध्ये गिटारवादक कर्क हॅमेटचं नाव एकाही गाण्याच्या श्रेयात का नाही?

पोटमाळा

फोन हरवला. खरंच. अडीचशेच्या वर रिफ रेकॉर्ड केलेला फोन गेला आणि बॅकअप नव्हता. चाहत्यांनी या बँडकडून काही शिकायचंच असेल तर हे शिका.

सुतळीबॉम्ब

ज्याला सापडला त्याने रिंगटोन लावला असेल, दर वेळी वा-वा पेडलसकट.

बिनतारी

धागा बेंगळुरूच्या मैफलीवर घसरायच्या आत कामाचं लिहितो. घरी मोजायचं कसं:

सीडी एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीसारख्या सॉफ्टवेअरने फ्लॅकमध्ये (काही न गाळता साठवणारी फाईल) उतरवून घ्या. एमपी३ वर मोजू नका. एमपी३ उलगडताना लाट मूळच्यापेक्षा थोडी वर-खाली होते, सपाट टोकं वाकडी होतात आणि आकडा खोटा येतो. यूट्यूबवरून उतरवलेलं तर नकोच.

फूबार२००० या म्युझिक प्लेयरमध्ये डायनॅमिक रेंज मीटर नावाचा जोड बसवा, प्रोग्राम बंद करून उघडा, अल्बमची सगळी गाणी निवडा, राइट क्लिक, मोजणी सुरू. शेवटी मजकुराची फाईल मिळते.

डोळ्यांनी बघायचं तर ऑडॅसिटी हे आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर. फाईल आत घ्या, व्ह्यू मेनूत ‘शो क्लिपिंग’ चालू करा. छताला लागलेल्या नोंदी लाल रेघेने दिसतील. मग झूम करत नोंदींचे ठिपके सुटे दिसेपर्यंत आत जा. ॲनालाइझ मेनूत ‘फाइंड क्लिपिंग’ आहे, सुरुवात ३ आणि शेवट ३ असं आधीच भरलेलं असतं, म्हणजे सलग तीन नोंदी छताला लागल्या तर खूण करतो. तेवढं पुरे.

सापळा: मास्टरिंगमध्ये सगळं कापून झाल्यावर पातळी ०.१ किंवा ०.३ डेसिबलने खाली आणलेली असेल तर टोकं सपाट असूनही एकही लाल रेघ दिसत नाही. रेघ नाही म्हणजे फाईल निरोगी असं समजू नका. झूम करून टोकाचा आकार बघा.

दुसरा सापळा एलपीचा. त्याच मास्टरवरून कापलेली तबकडी डिजिटल करून मोजली तरी डीआर ३-४ अंकांनी जास्त येऊ शकतो, कारण सुई आणि कटिंगच्या साखळीत सुरांच्या वेळा किंचित सरकतात आणि नवी टोकं उगवतात. आकडा वाढला, कापलेलं परत आलं नाही. ‘एलपीवर आवाज मोकळा आहे’ म्हणणाऱ्यांनी आकड्याचा पुरावा देऊ नये.

कॅसेटवाला

दंडवत. आता मंद्रचा दुसरा प्रश्न. ऑडॅसिटीत ‘क्लिप फिक्स’ म्हणून इफेक्ट आहे. त्याने ही सीडी शिवता येते?

आडवा_छेद

थोडी. आणि कुठे अडतं ते समजून घेतलं तर वेळ वाचेल.

क्लिप फिक्स दोन गोष्टी विचारतो. किती टक्क्यांच्या वर कापलंय असं मानायचं (भरलेलं असतं ९५), आणि नव्या टोकांना जागा म्हणून पातळी किती खाली आणायची (उणे ९ डेसिबल). तो सपाट तुकड्याच्या दोन्ही बाजूंचा उतार बघतो आणि वर गोल टोक कल्पनेने काढतो. एखाद्या मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये दहा-बारा ठिकाणी आवाज फाटला असेल तर उत्तम काम.

‘डेथ मॅग्नेटिक’मध्ये अडचण अशी की घुंगुरमाळ यांनी सांगितल्याप्रमाणे कापाकापी मिक्समध्येच झाली. त्यानंतर मास्टरिंगमध्ये इक्वलायझर लागला की सपाट टोकं तिरकी होतात, काही ९५ टक्क्यांच्या खाली येतात. इफेक्टला ती सापडतच नाहीत. टक्केवारी ८० वर आणली तर जी टोकं धड होती त्यांनाही तो ‘दुरुस्त’ करायला जातो आणि किक धप्प होते. आयझोटोप आरएक्सचं डी-क्लिप जास्त हुशार आहे, वरच्या आणि खालच्या बाजूचा उंबरठा वेगवेगळा ठेवता येतो, पण जे मिक्समध्येच चिरडलं ते त्यालाही परत मिळत नाही.

करूनच बघायचं असेल तर आधी प्रत ३२ बिट फ्लोटमध्ये घ्या, नाहीतर काढलेली नवी टोकं त्याच जुन्या छताला आपटतील. अख्खं गाणं एकदम टाकू नका, इफेक्ट फार सावकाश चालतो. ‘द डे दॅट नेव्हर कम्स’च्या उत्तरार्धात वेग वाढतो तिथली २० सेकंदं घेऊन चाचणी करा.

बिनतारी

आणि तुलना करताना दोन्हीची जाणवणारी पातळी सारखी करा. दोन्ही ट्रॅक ऑडॅसिटीत घेऊन ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ने उणे २३ एलयूएफएसवर (जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आणा, मग सोलो बटणाने आलटून पालटून ऐका. हे न करता ऐकलंत तर जो मोठा वाजतो तोच बरा वाटतो. या सगळ्या लाउडनेसच्या लढाईचं मूळ कानाच्या या खोडीतच आहे.

चौथी_सीट

तरी आता ती लढाई निरर्थक झालीय ना? स्पॉटिफाय सगळ्यांना उणे १४ एलयूएफएसच्या आसपास आणतं.

बिनतारी

नॉर्मलायझेशन चालू असेल तर होय. चेपलेलं गाणं खाली ओढलं जातं, मोकळ्या गाण्याच्या पातळीला बसतं आणि त्याशेजारी लुळं वाटतं. पण ‘डेथ मॅग्नेटिक’ला त्याचा काही फायदा नाही. आवाज खाली ओढला म्हणजे फाटलेलं शिवलं जात नाही. फाटका सदरा घडी करून ठेवला इतकंच.

नाशिक_ढोल

गिटार हिरोवाल्या आवृत्तीचं कोणी काढलंच नाही अजून?

आडवा_छेद

काढतो. अल्बम आला त्याच दिवशी ‘गिटार हिरो ३’ या गेमसाठी अख्खा अल्बम डाउनलोडला ठेवला होता. गेममध्ये खेळणाऱ्याचा सूर चुकला की त्याचंच वाद्य बंद पडायला हवं, म्हणून गिटार, बेस, ड्रम यांचे सुटे ट्रॅक द्यावे लागतात. हे ट्रॅक शेवटच्या चेपाचेपीच्या आधीचे होते. लोकांनी गेममधून आवाज उतरवून सीडीशेजारी ठेवला आणि दंग्याला तोंड फुटलं: सीडीची लाट विटेसारखी, गेमची लाट काटेरी. डीआर दहा-बाराच्या घरात.

पण तीही ‘खरी’ आवृत्ती म्हणून डोक्यावर घेऊ नका. ते अंतिम मिक्स नाही, वाद्यांचं प्रमाण वेगळं आहे, गेमच्या फाईली आकुंचित आहेत, आणि इंटरनेटवर फिरणाऱ्या प्रती कुणाकुणाच्या हातच्या मिक्स आहेत. एकात बेस जास्त, दुसऱ्यात गळा मागे. हक्कांचा प्रश्न आहेच.

घुंगुरमाळ

तरी तिने एक गोष्ट सिद्ध केली, ड्रम मुळात नीट रेकॉर्ड झाले होते. आताचा बेसवादक त्रुहियो, त्याचा बेससुद्धा. स्टुडिओत पहिल्यांदाच या बँडबरोबर पूर्ण अल्बम वाजवणारा माणूस, आणि सीडीवर त्याचं काम विटेत गाडलेलं.

सुतळीबॉम्ब

मेटालिकाच्या बेसवाल्याची पत्रिकाच तशी.

खर्ज_बेस

प्रकाटाआ, म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे. (रागाच्या भरात लिहिलं होतं.)

कॅसेटवाला

आता बेंगळुरू! मेटालिकाचा कार्यक्रम, ३० ऑक्टोबर २०११, पॅलेस ग्राउंड्स. त्याच्या दोन दिवस आधी गुरगावचा कार्यक्रम रद्द. महाराष्ट्रातल्या मेटलवाल्यांनी त्या वेळी रेल्वेला किती उत्पन्न दिलं असेल याचा हिशोब कोणीतरी मांडा. मुंबईकरांनी उगाच कॉलर ताठ करू नये, १ फेब्रुवारी २००८ ला तुमच्याकडे मेडन येऊन गेले होते.

मंद्र

मालक, वेगळा धागा काढा. तिथे मीही येतो.

वाचनमात्र

सगळं वाचलं, निम्मं कळलं. सहाशे रुपयांचे इअरफोन, फोनवर ऐकणार. मी नेमकं काय करू?

आडवा_छेद

यालाच मंद्रचा पहिला प्रश्न म्हणायचं, आणि पन्नास प्रतिसादांत कोणी उत्तर दिलं नाही!

२०१५ मध्ये अॅपलच्या दुकानासाठी ‘मास्टर्ड फॉर आयट्यून्स’ म्हणून हा अल्बम पुन्हा मास्टर केला गेला. फारसा गाजावाजा नव्हता. २००८ च्या सीडीपेक्षा त्यात अंतर स्पष्ट जास्त आहे, ठोके परत वर येतात. अधिकृत आवृत्त्यांत ऐकायची ती हीच. २००८ ची सीडी संग्रहाला ठेवा.

जुन्या सीडीवरूनच ऐकणार असाल तर तीन गोष्टी. एमपी३ करताना आधी पातळी एक-दीड डेसिबल खाली आणा, नाहीतर फोनमध्ये उलगडताना आणखी फाटेल. इअरफोनच्या इक्वलायझरमध्ये ‘रॉक’ वगैरे तयार पर्याय बंद करा, ते वर-खाली फुगवून पुन्हा छताला नेतात. उलट ३ ते ५ किलोहर्ट्झ दोनेक डेसिबल कमी करा, खरखर तिथे जास्त टोचते. आणि सलग ऐकू नका, अर्धाअर्धा ऐका.

वाचनमात्र

धन्यवाद दादा. इक्वलायझर ‘रॉक’वरच होता.

पोटमाळा

आता तिसरा प्रश्न, माझा आवडता. कात्री.

‘सुइसाइड अँड रिडेम्प्शन’ (९:५८) बाहेर. वाद्यगीत हवं तर ‘पपेट्स’मधलं ‘ओरायन’ आहे. ‘द अनफर्गिव्हन ३’ (७:४७) बाहेर, तिसऱ्यांदा क्षमा मागायला कोणी सांगितलं नव्हतं. ‘सायनाइड’ (६:४०) बाहेर, कारण वर घुंगुरमाळ यांनी दिलेलंच आहे. २४:२५ गेले, उरले ५०:२१. म्हणजे ‘पपेट्स’पेक्षा चार मिनिटं कमीच. एलपीच्या दोन बाजू अशा:

बाजू अ: ‘दॅट वॉज जस्ट युवर लाइफ’, ‘ब्रोकन, बीट अँड स्कार्ड’, ‘दि एंड ऑफ द लाइन’, ‘माय अपॉकलिप्स’. २६:२६.
बाजू ब: ‘द डे दॅट नेव्हर कम्स’, ‘ऑल नाइटमेअर लाँग’, ‘द जुडास किस’. २३:५५.

मंद्र

कात्री मान्य, क्रम अमान्य. ‘माय अपॉकलिप्स’ पाच मिनिटांचं, सर्वांत वेगवान, ते मधे? ‘पपेट्स’च्या शेवटी ‘डॅमेज इंक’ जे काम करतं तेच याचं काम. शेवटीच हवं.

पोटमाळा

शेवटी नेलं तर बाजू ब २८:५६ होते आणि अ २१:२५. तबकडी कापणारा शिव्या देईल.

घुंगुरमाळ

‘जुडास किस’ अ बाजूला घ्या आणि ‘एंड ऑफ द लाइन’ ब ला... नाही, तरी २८:४७. बसत नाही.

नाशिक_ढोल

‘जुडास किस’च काढा.

पोटमाळा

हात लावून दाखवा.

सुतळीबॉम्ब

दुसरा चहा ठेवतो.